गोदामाला प्रदक्षिणा कोणत्या बाजूने?

"येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे घे, अजून… बास!" आणि पाठोपाठ पत्र्यावर हाताचे दोन फटके. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या भिवंडीच्या गोदामांत हा आवाज दिवसभर चालू असतो. चाळीस फुटी कंटेनर मागे घेऊन गाळ्याच्या माल उतरवायच्या ओट्याला टेकवायचा तर ड्रायव्हर, किन्नर (म्हणजे गाडीवरचा क्लीनर) आणि जवळपास असेल तो हमाल अशा तिघांचं काम. कधी दोन मिनिटांत उरकतं. कधी पंधरा मिनिटं लागतात आणि तोवर मागे सहा गाड्या हॉर्न वाजवत उभ्या. मालकाला विचाराल तर तो म्हणेल, जागा पुरत नाही. बरेचदा जागा पुरेशी असते. गाड्या उलट्या अंगाने फिरत असतात, एवढंच.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, हे आधी लक्षात घ्या. लांब गाडी मागे घेताना तिचं मागचं टोक उजवीकडे वळत असेल तर ड्रायव्हरला खिडकीतून मान बाहेर काढून कंटेनरचा कोपरा आणि ओटा दोन्ही दिसतात. तेच टोक डावीकडे वळत असेल तर त्याला काही दिसत नाही. पुढचा इंजिनाचा भाग, ज्याला ड्रायव्हर मंडळी घोडा म्हणतात, तो वाकला की डाव्या आरशात फक्त कंटेनरचा पत्रा उरतो. मग तो किन्नराच्या आवाजावर गाडी चालवतो.

त्यामुळे ओटा उजव्या हाताला ठेवून गाडी पुढे न्यायची, घोडा जरा डावीकडे काढायचा आणि मागचं टोक उजवीकडे वळवत ओट्याला लावायचं. इमारत उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती फिरायचं, म्हणजे काय करायचं? प्रदक्षिणाच घालायची. घड्याळाच्या काट्याप्रमाणे, देव उजवीकडे. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे तिथल्या गोदामांच्या आवारात गाड्या बरोबर उलट्या, घड्याळाच्या काट्याविरुद्ध फिरवतात. तिकडचा नकाशा इंटरनेटवरून उचलून इथल्या प्लॉटवर बसवला की प्रत्येक गाडी आंधळ्या बाजूने मागे येते.

प्रदक्षिणेचा दुसरा फायदा फाटकाशी दिसतो. रस्त्याला लागून प्लॉट आहे आणि तो तुमच्या डाव्या हाताला येतो, असं समजा. रस्त्याने येताना जे फाटक आधी लागतं ते आत जायचं आणि जे नंतर लागतं ते बाहेर पडायचं. आत शिरताना डावं वळण, मग इमारतीला वळसा, बाहेर पडताना पुन्हा डावं वळण. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गाड्या एकमेकींना कुठेही छेदत नाहीत. फाटकं उलटी लावली की आत येणारी गाडी बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पुढ्यातून जाते. हे इतकं सोपं आहे, तरी उलटी लागलेली फाटकं बरीच दिसतात. कुणी वास्तुशास्त्रासाठी मुख्य फाटक ईशान्येला सरकवलेलं असतं, तर कुठे आधीच्या मालकाचा ट्रान्सफॉर्मर मध्ये आलेला असतो. ट्रान्सफॉर्मर तरी पैसे भरून हलवता येतो.

प्रत्येक प्लॉटवर पूर्ण वळसा बसतोच असं नाही. मागे नाला असतो, बाजूला शेजाऱ्याची भिंत. मग शंकराच्या देवळातली सोमसूत्री प्रदक्षिणा आठवावी. तिथे पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही आणि आलेल्या वाटेने परतायचं. गाड्यांसाठी तसं करायचं तर टोकाला वळायला मोकळी जागा राखून ठेवावी लागते, बहुधा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, म्हणजे गाडी एका हातात पुढे घालून दुसऱ्या हातात मागे घेता येते. त्या जागेत काहीही ठेवायचं नाही, ही खरी अट. पहिल्या वर्षी ती मोकळी असते. दुसऱ्या वर्षी तिथे रिकामे पॅलेट येतात. तिसऱ्या वर्षी पत्र्याची शेड. त्यानंतर कंटेनर फाटकापासून उलटे आत येऊ लागतात आणि मालक म्हणतो, जागा पुरत नाही.

आता गाडीच्या आकाराकडे. चाळीस फुटी कंटेनर १२.१९ मीटर लांब. घोडा जोडल्यावर सगळी गाडी सोळा मीटरच्या आसपास जाते. लहान मुलांचं दोरीने ओढायचं गाडं आठवा. मूल टेबलाला वळसा घालून पुढे जातं, पण गाडं त्याच्या मागोमाग येत नाही. ते कोपरा कापून टेबलाच्या पायावर आदळतं. लांब गाडीचंही तेच होतं. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आतून कापत जातात, आणि गाडी जितकी लांब तितकी जास्त आतून. त्यामुळे सरळ वाटेवर साडेतीन मीटर पुरतात म्हणून वळणावरही तेवढेच ठेवले, की आतल्या बाजूचा खांब खरवडला जातो. एखाद्या आवारात वळणं बरोबर आहेत का, हे पाहायला नकाशा मागायची गरज नाही. कोपऱ्यावरचे दगड चेपलेत का, पावसाळी जाळीची कड तुटली आहे का, भिंतीवर टायरचा काळा पट्टा आहे का, तेवढं पाहा. ओट्यासमोर मोकळी जागा किती हवी, याचा अंदाज म्हणून येणाऱ्या सर्वांत लांब गाडीच्या साधारण दुप्पट अंतर धरतात. सोळा मीटरच्या गाडीला बत्तीस मीटर आणि वर थोडी सूट. समोर दुसऱ्या गाळ्यांची रांग असेल आणि तिथेही गाड्या लागणार असतील, तर मोजायला सुरुवात त्या गाड्यांच्या नाकापासून करायची, समोरच्या भिंतीपासून नाही.

हे झालं फिरण्याचं. पण आवारं बहुतेक वेळा तुंबतात ती फाटकावर, आणि तिथलं गणित आपल्या अंदाजाला सहसा फसवतं.

समजा एका मॉलच्या फाटकावर पावती द्यायला प्रत्येक गाडीमागे १२ सेकंद लागतात. म्हणजे तासाला ३०० गाड्या. रविवारी संध्याकाळी तासाला २७० येतात. ३०० ची ताकद, २७० ची गर्दी, म्हणजे निभावलं पाहिजे, असं कुणीही म्हणेल. पण गाड्या तेरा-तेरा सेकंदांनी शिस्तीत येत नाहीत. पाच एकदम येतात, मग मिनिटभर कुणी नाही. मोकळं गेलेलं ते मिनिट पुढच्या पाच जणांना उसनं देता येत नाही. शिवाय कुणाला सुटे पैसे सापडत नाहीत, कुणाला काच खाली घ्यायची आठवत नाही. असं बेभरवशाचं येणं-जाणं धरलं तर फाटक निम्म्या ताकदीने चालत असताना तिथे सरासरी एक गाडी असते. ८० टक्क्यांवर चार, ९० टक्क्यांवर नऊ आणि ९५ टक्क्यांवर एकोणीस. ८० वरून ९५ वर जाताना गर्दी पंधरा टक्क्यांनी वाढली, असं वाटतं. रांग मात्र जवळपास पाचपट होते.

या गणिताचा पाया घातला आग्नर एर्लांग या डॅनिश माणसाने. त्याचा पहिला लेख १९०९ चा. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करायचा आणि त्याच्यापुढचा प्रश्न होता, किती फोन एकदम आले तर किती तारा पुरतील. गाड्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण रांग ही रांगच.

आमच्या २७० गाड्यांकडे परत येऊ. फाटकावर नऊ गाड्या, प्रत्येकीला अंतरासह सहा मीटर, म्हणजे ५४ मीटर. ही सरासरी झाली, मधूनमधून रांग त्याच्या दुप्पटही होणार. पावतीची खिडकी रस्त्यापासून दहा मीटर आत असेल तर बाकीची रांग रस्त्यावर. मग वाहतूक पोलीस, नगरसेवक, वर्तमानपत्रात फोटो. यावर मालक फाटक रुंद करायला निघतो. त्याआधी पावतीचा वेळ पाहावा. १२ सेकंदांचे १० झाले की ताकद तासाला ३६० गाड्यांची होते, २७० गाड्या म्हणजे ७५ टक्के, आणि सरासरी नऊच्या तीन गाड्या होतात. दोन सेकंदांत रांग एक-तृतीयांशावर. टोलनाक्यांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला त्यामागे हाच हिशेब होता. नाक्याच्या बूथची संख्या न वाढवता प्रत्येक गाडीचा वेळ कमी करायचा.

गोदामाच्या फाटकावर तर हा वेळ सेकंदांत मोजावा असा नसतोच. बिल्टी पाहा, ई-वे बिल पाहा, सील तपासा, ड्रायव्हरचं लायसन्स वहीत उतरवा. वॉचमनची यात चूक नाही, त्याला सांगितलेलं काम तो करतो. चूक आहे ती हे सगळं फाटकात करवून घेण्याची. फाटकावर फक्त आत घ्यायचं आणि कागदपत्रं आत, बाजूच्या मोकळ्या जागेत गाडी लावून पाहायची, एवढं केलं तरी रस्ता मोकळा होतो. पंढरपूरला आषाढीत दर्शनबारी गोपाळपूरपर्यंत जाते, पण ती ठरवून दिलेल्या वाटेने, मंडपातून, पत्राशेडमधून जाते. चौकात गोळा होत नाही. रांग लागणारच, हे तिथे गृहीत धरलेलं आहे आणि तिला उभं राहायला जागा दिलेली आहे. आपल्या व्यापारी संकुलांच्या नकाशांत रांगेला जागाच नसते. जणू कुणी थांबणारच नाही.

रांगेबद्दलचा आणखी एक साधा नियम आहे, लिटलचा. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ मध्ये तो सिद्ध करून दाखवला. आवारात एका वेळी किती गाड्या असतील? तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले एक गाडी थांबते ते तास. तासाला २०० गाड्या येतात आणि सरासरी अडीच तास थांबतात, तर ५०० गाड्यांची जागा हवी. त्या दोनच तास थांबल्या तर ४०० पुरतात. शंभर गाड्यांचा फरक. तळघरातल्या पार्किंगसाठी दिल्लीच्या मास्टर प्लॅन २०२१ मध्ये एका गाडीला ३२ चौरस मीटर धरले आहेत, उघड्यावर २३. ५ मीटर बाय २.५ मीटरचा चौकोन जेमतेम साडेबारा चौरस मीटर भरतो, उरलेली जागा मधल्या वाटा, रॅम्प आणि खांब खातात. म्हणजे शंभर गाड्यांचं तळघर ३,२०० चौरस मीटर, ३४ हजार चौरस फुटांहून जास्त. पहिले दोन तास स्वस्त आणि तिसरा तास महाग, एवढा दरफलक लावून तेवढं खोदकाम वाचू शकतं. बिल्डरला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग कॅल्क्युलेटर काढतो.

मला स्वतःला मॉलपेक्षा कांद्याचा बाजार जास्त शिकवून गेला. निफाड तालुक्यातलं लासलगाव कांद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. त्या भागातल्या बाजार समित्यांत लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप ओळीने उभ्या राहतात. माल गाडीतच असतो, व्यापारीच ओळीने पुढे सरकत बोली लावत जातात. इथे गाड्या लवकर येऊन थांबतात ही अडचण नाही, ते मैदान त्यासाठीच आहे. अडचण बोलीनंतर सुरू होते. प्रत्येक गाडीने भरलेल्या वजनासाठी भुईकाट्यावर जायचं, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल रिकामा करायचा, आणि रिकाम्या गाडीच्या वजनासाठी परत काट्यावर यायचं.

लोक गाड्या मोजतात आणि इथेच फसतात. काट्याला एक गाडी दोनदा दिसते. समजा एका वजनाला दोन मिनिटं लागतात. तासाला तीस वजनं, म्हणजे पंधराच गाड्या. साठ ट्रॉल्यांना एक काटा चार तास घेणार, आणि त्यात भरलेली आणि रिकामी अशा दोन रांगा समोरासमोर येऊन "आधी मी" म्हणत उभ्या राहणार. उपाय महागडा नाही. भरलेल्या गाडीचा काटा आत जाण्याच्या वाटेवर, रिकामीचा बाहेर पडण्याच्या वाटेवर. एकच काटा परवडत असेल तर निदान दोन्ही रांगा एकाच दिशेने काट्यावर चढतील असा वळसा.

ट्रॅक्टरचं आणखी एक आहे. चार चाकी ट्रॉली मागे घेणं ही कला आहे. ट्रॉलीच्या पुढच्या चाकांचा सांगाडा वेगळा फिरतो, म्हणून मागे घेताना ती दोन ठिकाणी वाकते. गावोगावी ट्रॉली मागे घेण्याच्या शर्यती लागतात त्या उगाच नाही. बाजारात येणारा प्रत्येक शेतकरी त्या शर्यतीतला नसतो. म्हणून ओळी अशा आखाव्यात की एका टोकाने आत आलेली ट्रॉली सरळ पुढे जाऊन दुसऱ्या टोकाने निघेल, कुणालाही मागे यावं लागणार नाही. आणि ओळी एकदम न सोडता एकामागून एक सोडाव्यात, काटा पेलेल तेवढ्याच. त्याला यंत्र लागत नाही, शिट्टी असलेला एक माणूस लागतो.

ग्राहकांच्या आवारात, म्हणजे दुकानं, मॉल, दवाखाने, मंगल कार्यालयं इथे, गाड्या लहान आणि माणसं फार. तिथे पहिली कटकट उजव्या वळणाची. साध्या तीन रस्त्यांच्या तिठ्यावर गाड्यांच्या वाटा नऊ ठिकाणी एकमेकींना भिडतात: तीन ठिकाणी छेदतात, तीन ठिकाणी मिसळतात, तीन ठिकाणी फुटतात. फाटकासमोर दुभाजक टाकून फक्त डावीकडून आत आणि डावीकडे बाहेर, एवढंच ठेवलं की नऊच्या दोन जागा उरतात. छेदणारी एकही नाही. ज्याला उलट दिशेला जायचं त्याला पुढून यू-टर्न घेऊन यावं लागतं आणि तो कुरकुरतो. अमेरिकेतली यूपीएस ही पार्सल कंपनी आपल्या ड्रायव्हरना शक्यतो डावं वळण घेऊ देत नाही (तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून त्यांचं डावं ते आपलं उजवं). लांबून जाणं परवडतं, वळायला खोळंबून उभं राहणं परवडत नाही.

आत आल्यावर प्रत्येकाला दाराजवळची जागा हवी असते. पहिल्या ओळीतल्या गाडीकडे कुणी चावी हातात घेऊन येताना दिसलं की मागे एक गाडी इंडिकेटर लावून थांबते, तिच्या मागे दहा. त्यामुळे फाटकातून आलेली वाट थेट दारासमोरून नेऊ नये. आधी दूरच्या ओळींकडे न्यावी आणि दारासमोरची पट्टी फक्त उतरवण्यासाठी ठेवावी: आजी, पोरं, लग्नातलं आहेराचं सामान. तिरक्या जागा आखल्या तर मधली वाट अरुंद चालते आणि गाडी एका झटक्यात आत जाते, पण वाट एकेरी ठेवावी लागते. काटकोनात आखल्या तर गाड्या जास्त बसतात, पण मध्ये सहा मीटरच्या आसपास वाट सोडावी लागते. जिथे लोक तासाभरात ये-जा करतात तिथे मी तिरक्या जागा घेईन. जिथे कर्मचारी सकाळी लावून संध्याकाळी काढतात तिथे काटकोन.

दुचाकींना मात्र वेगळी वाट आणि शक्य असेल तर वेगळं फाटक. पुण्यात राहणाऱ्याला याचं कारण सांगायला नको. दुचाकी रांगेत उभी राहत नाही, ती फटीतून पुढे येते आणि गाडी वळायला लागली की नेमकी तिच्या डाव्या चाकाशी असते.

तळघरात उतरणाऱ्या रॅम्पचा उतार साधारण एकास आठ असतो, म्हणजे तीन मीटर खाली जायला चोवीस मीटर लांबी. पण उतार एकदम सुरू केला आणि एकदम संपवला तर गाडीचं पोट घासतं. वर आणि खाली थोडी निम्म्या उताराची पट्टी लागते. आणि वर, फुटपाथला भिडण्याआधी, एक गाडी उभी राहील एवढा सपाट तुकडा. नाहीतर चढून येणाऱ्याला समोर बॉनेट आणि आभाळ दिसतं, फुटपाथवरून चाललेलं पोर दिसत नाही. तोंडाशी उंचवटा आणि आडवी जाळी हवी, कारण जुलैत रस्त्यावरचं पाणीही तोच उतार शोधत असतं.

जागा वाढत नसेल तेव्हा वेळ वाटून घेता येतो. वाशीच्या भाजीबाजारात माल रात्री येतो आणि किरकोळ विक्रेते पहाटे उचलतात, म्हणून तोच रस्ता दोन वेळा वापरता येतो. मॉलमध्ये दुकानांचा माल उघडण्याआधी आला पाहिजे. गोदामात प्रत्येक वाहतूकदाराला तास ठरवून दिला पाहिजे. हे कागदावर सगळे मान्य करतात. पाळतं तेच गोदाम जिथे वेळेवर आलेल्या ड्रायव्हरला खरंच वेळेवर मोकळं करतात. दहाला बोलावून तीनला माल उतरवला की पुढच्या वेळी तो पहाटे सहालाच फाटकावर येऊन झोपतो.

अग्निशमन दलाच्या गाडीला वेळ ठरवून देता येत नाही. तिला नऊ मीटर त्रिज्येचं वळण आणि ४५ टन पेलेल अशी पक्की जमीन लागते, तीही वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस मोकळी. कुंड्या, मांडवाचे खांब आणि वॉचमनची खुर्ची सहसा तिथेच येतात.

नकाशा मंजूर झाला, तरी भिंती बांधायच्या आधी एक दिवस काढा. जमिनीवर फक्की मारून घ्या: फाटक, वळणं, ओटे, खांब, सगळं खऱ्या मापाचं. मग येणार असलेल्या गाड्यांपैकी सर्वांत लांब गाडी भाड्याने बोलवा, भरलेली मिळाली तर उत्तम. ड्रायव्हरला काहीही न समजावता फक्त सांगा, आत जा, ओट्याला लाव आणि बाहेर ये. तुम्ही मागे राहून पाहा, चाकांनी फक्की कुठे कुठे पुसली. तिथे भिंत नको.